ब्रेडचा क्लास लावा, पण पीठ तुमच्या हातात येणार असेल तरच

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहता, काही महिन्यांपासून व्हिडिओ बघून घरी ब्रेड करताय, कधी दडस होतो, कधी छान फुगतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध बसतो, आणि कापला की आतून चिकट. आता कॉलेज रोडला एका दिवसाचा क्लास आहे, ११ ते ४, सात प्रकारचे ब्रेड, नोट्स, सर्टिफिकेट, फी अडीच हजार. तो लावू, का तेच पैसे बाजूला टाकून स्टँड मिक्सर घेऊ, आणि सासऱ्यांना शुगर आहे म्हणून गव्हाचा ब्रेड खास शिकायचाय.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः क्लास घेतो. त्याआधी बरीच वर्षं बेकरीत होतो, लादी पाव, टोस्ट, खारी सगळं केलंय, आता घरीच चार-पाच जणांची बॅच घेतो. म्हणून कुठल्याच क्लासचं नाव घेणार नाही, माझ्याही नाही. पण क्लास पैसे देण्यालायक आहे की नाही हे कसं ओळखायचं ते मोकळेपणाने सांगतो.

तुम्हाला वाटतंय की चांगली रेसिपी मिळत नाहीये. तसं नाहीये. साध्या सँडविच ब्रेडची रेसिपी कुठेही जा, थोड्याफार फरकाने हीच असते: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम, मीठ ६, साखर १२, इन्स्टंट यीस्ट ३ ते ४ ग्रॅम, तेल किंवा बटर १२. बेकरीत आम्ही हे सगळं मैद्याच्या टक्क्यात धरतो, मैदा १००, पाणी ६३, मीठ २, यीस्ट साधारण १, मग १ किलोचं करा नाहीतर ५० किलोचं, हिशेब तोच. तुमचा खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. ब्रेड बिघडला की तो कुठल्या टप्प्यावर बिघडला हे तुम्हाला ओळखता येत नाही, त्यामुळे दर वेळी नवीन व्हिडिओ, नवीन रेसिपी, आणि परत पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या टप्प्यांच्या आहेत.

दडस होतो म्हणजे बहुतेक वेळा यीस्ट कमजोर, नाहीतर पाणी कमी पडलंय, नाहीतर फुगायला पुरता वेळ दिला नाही. यीस्टची शंका एका झटक्यात मिटते, पाव कप कोमट पाणी, चिमूटभर साखर, एक छोटा चमचा यीस्ट, १० मिनिटांत वर फेस आला पाहिजे, नाही आला तर ते पाकीट फेकून द्या. पाणी खरंच कोमट हवं, ४० अंशाच्या आसपास, बोट घातलं तर चटका बसायला नको. ५५-६० अंशाला यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट कितीही वेळ ठेवलं तरी काम करत नाही. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजरला ठेवा, कपाटात नको. आणि मीठ यीस्टवर पडलं की यीस्ट मरतं असं सगळे सांगतात त्याने इतकं घाबरायचं कारण नाही, लगेच मिसळून मळायला घेतलं तर काही होत नाही.

फुगून बसतो म्हणजे टिनमधलं दुसरं फुगणं जास्त झालं. आतले बुडबुडे इतके ताणले गेलेले असतात की ओव्हनची उष्णता लागल्यावर भिंतींना पेलवत नाही. नवीन माणसाला वाटतं की जितका जास्त फुगेल तितका मऊ होईल, पण ओव्हनमध्ये गेल्यावरही तो अजून वर चढणार असतो आणि त्यासाठी थोडी ताकद शिल्लक ठेवावी लागते. बोट ओलं करून हलकेच टोचायचं, खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर ओव्हनला टाका, लगेच उसळून वर आला तर थांबा, खळगा तसाच राहिला तर उशीर झालाय.

आतून चिकट हे बहुतेक वेळा दोन कारणांनी होतं, एक तर कच्चा राहिला नाहीतर गरम गरम कापला. वरून रंग आला म्हणजे आत भाजला असं नसतं, आपल्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, तर अजिबातच नाही, कारण वरचा रॉड जवळ असतो. मधोमध थर्मामीटर खुपसला तर ९३ ते ९५ अंश दाखवला पाहिजे. टिनमधून काढून जाळीवर निदान तासभर ठेवायचा, त्या तासाभरात आतला ओलावा आणि स्टार्च बसतो. मुलं मागे लागतात हे मान्य आहे, तरी तेवढा वेळ द्या.

आता तुमच्या त्या क्लासचा हिशेब करू. एका ब्रेडला मळायला १५-२० मिनिटं, पहिल्यांदा फुगायला एक ते दीड तास, आकार देऊन टिनमध्ये परत पाऊण ते एक तास, भाजायला ३०-३५ मिनिटं, थंड व्हायला तास. म्हणजे एकच ब्रेड सुरुवातीपासून कापेपर्यंत साडेतीन ते साडेचार तास. मग ११ ते ४ मध्ये सात प्रकार कसे होतात? होतात, पण असे की पीठं आधीच मळून ठेवलेली असतात, काही फुगून तयार, काही नुसती ओव्हनला टाकायची, आणि तुम्ही एकाचं मळणं बघता, दुसऱ्याचा आकार बघता, तिसरा भाजलेला खाता. याला लबाडी म्हणणार नाही, डेमो क्लास असाच असतो, आणि ज्याला कुठले कुठले प्रकार असतात हे बघायचंय त्याच्यासाठी ठीक आहे. पण तुम्ही जिथे अडकलाय, म्हणजे एका पिठाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास, तो तिथे एकदाही पूर्ण दिसणार नाही. बघायला व्हिडिओ आहेतच की, तेही फुकट आणि मागे-पुढे करून.

क्लासला पैसे द्यायचे ते व्हिडिओत न मिळणाऱ्या गोष्टीसाठी, आणि ती म्हणजे हाताला कळणं. माझ्याकडे प्रत्येक बॅचला एक क्षण हमखास येतो. पाणी घालून पीठ एकत्र केलं की पहिली चार-पाच मिनिटं ते नुसतं चिकटतं, बोटांना, परातीला, ओट्याला, उचललं तर तुटून येतं, आणि तेव्हा प्रत्येकीचा हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. तिथेच मी डबा उचलून लांब ठेवतो. वरून दोन मुठी मैदा घातला की पीठ लगेच शहाण्यासारखं वागतं खरं, पण तेवढ्यात ६३ टक्के पाणी ५५ वर आलेलं असतं आणि दडस ब्रेडची सोय झालेली असते. न घालता मळत राहिलं, तळव्याने पुढे ढकलून घडी मारत राहिलं, की आठव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमाराला पीठ परात सोडायला लागतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, हाताची बोटं बऱ्यापैकी स्वच्छ निघतात. मग लिंबाएवढा गोळा घेऊन चार बोटांवर ताणून उजेडाकडे धरायचा, पातळ पडदा होऊन पलीकडची बोटं दिसली आणि फाटला नाही तर झालं. फाटला तर अजून तीन-चार मिनिटं. मी सगळ्यांना एकमेकींच्या पिठात हात घालायला लावतो, कारण स्वतःचं पीठ घट्ट आहे हे शेजारणीचं सैल पीठ दाबल्याशिवाय कळत नाही. हे तीस सेकंदांत हाताला समजतं, लिहून मी चार पानं लिहिली तरी नाही समजणार.

आणि खरं तर आपल्याकडच्या बायकांना यातलं अर्धं आधीच येत असतं. पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून लावून तिंबतात, ती ओढली की लवचिक लांबते, तुटत नाही, तोच ताण ब्रेडच्या पिठात हवा असतो. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईला तर मी ग्लूटेन, म्हणजे पिठाला हा ताण देणारं प्रोटीनचं जाळं, शिकवायची गरजच नाही, ती हातावर कापडाएवढा मांडा फिरवते ते ग्लूटेनच्या जोरावरच. फुलक्याची घट्ट कणीक मळायची सवय मात्र नडते, तो हात सैल पिठाला घाबरतो.

दुसरं म्हणजे हवामान, आणि हे नाशिककरांसाठी मुद्दाम सांगतोय. व्हिडिओत 'एक तास झाकून ठेवा' म्हणतात तो एक तास त्यांच्या स्वयंपाकघराचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली, आणि मे महिन्यात दुपारी ३८-४० असतो. त्याच पिठाला थंडीत दोन-अडीच तास लागतील आणि उन्हाळ्यात चाळीस मिनिटांत काम झालेलं असेल. म्हणून घड्याळ न बघता पीठ दुप्पट झालंय का ते बघायचं. सरळ उभ्या भिंतीच्या डब्यात ठेवा आणि सुरुवातीला पीठ जिथवर आहे तिथे बाहेरून रबर बँड लावा, अंदाज घ्यावा लागत नाही.

अजून नीट करायचं तर पाण्याने तापमान सांभाळायचं. मळून झालेलं पीठ साधारण २६ अंशाचं असावं. २६ गुणिले ३ म्हणजे ७८, त्यातून मैद्याचं आणि खोलीचं तापमान वजा करा, उरेल तेवढ्या अंशाचं पाणी घ्या. मे महिन्यात मैदा ३४, खोली ३६, उरले ८, म्हणजे सरळ फ्रीजचं पाणी. डिसेंबरला मैदा १९, खोली १८, उरले ४१, म्हणजे कोमट. मशीनने मळलं तर घर्षणाने पीठ तापतं म्हणून पाणी अजून थंड घ्यायचं, हाताने फारसा फरक पडत नाही. तुमचा ब्रेड कधी दडस आणि कधी बसलेला होतोय त्यात महिन्यांचा हात किती आहे ते एकदा आठवून बघा, मला तरी बराच वाटतोय.

आता क्लास का मिक्सर. मिक्सर नको, आत्ता तरी अजिबात नको. ३०० ग्रॅम मैद्याला परात आणि दोन हात पुरतात, आणि ज्याला पीठ कधी तयार झालं हे हाताने कळत नाही त्याला मशीनमध्येही कळत नाही. त्याआधी दोन छोट्या गोष्टी घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर. कपाने मोजलेला मैदा भरण्याच्या पद्धतीवर १२० ग्रॅमही भरतो आणि १५० ही, एवढ्या फरकात अख्खा ब्रेड बदलतो. आणि ओटीजीच्या बटणावर २०० लिहिलंय म्हणजे आत २०० असतंच असं नाही, काहींमध्ये वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज निघतो. रॉड लाल झाला म्हणजे ओव्हन तापला असंही नाही, पंधरा-वीस मिनिटं नीट तापू द्या, टिन खालच्या जाळीवर ठेवा, १९०-२०० अंश, वरून लवकर लाल व्हायला लागला तर फॉइल टाका. भाजताना लाइट गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर थोडा वेळ तग धरतो.

या दोन वस्तू घेऊन वर दिलेला एकच ब्रेड, एकाच टिनमध्ये, आठ बाय चार इंचाच्या, लागोपाठ काही वेळा करा. मध्ये रेसिपी अजिबात बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, पाणी किती, तापमान किती, किती वेळ. बऱ्याच जणांचं एवढ्यानेच सुटतं आणि क्लास लागतच नाही. नाही सुटलं तर मात्र जरूर लावा, कारण तेव्हा तुमच्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील. आणि जाताना बिघडलेल्या ब्रेडची अर्धी वडी सोबत न्या. हे मी मनापासून सांगतोय, कापलेल्या तुकड्याकडे बघून शिकवणाऱ्याला जितकं कळतं तितकं तुमच्या वर्णनावरून कधीच कळणार नाही. आतली भोकं खाली बारीक आणि वर मोठी आहेत का, तळाला ओलसर पट्टा आहे का, कडा आत दबल्यात का, सगळं तिथे दिसतं.

क्लास निवडताना फोनवर विचारायचं ते असं. प्रत्येकाला स्वतःचं पीठ स्वतः मळायला मिळणार का, का गटात एक? एका बॅचला किती जण? पाच-सहाच्या वर गेले की शिकवणाऱ्याचा हात तुमच्या पिठापर्यंत पोचत नाही. ओव्हन कुठला वापरतात, कारण बेकरीतल्या मोठ्या डेक ओव्हनवर शिकलेला ब्रेड घरच्या ओटीजीत वेगळा वागतो, घरचा ओटीजी वापरणारा शिक्षक तुमच्यासाठी जास्त उपयोगाचा. नंतर घरी केल्यावर फोटो पाठवून विचारलं तर उत्तर मिळणार का? मला विचाराल तर हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण खरे प्रश्न क्लासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेडला येतात. आणि 'एगलेस ब्रेड' म्हणून कोणी जास्त पैसे सांगत असेल तर लक्षात ठेवा की साध्या ब्रेडमध्ये अंडं मुळात नसतंच. दोन प्रकार शिकवणारा पूर्ण दिवसाचा क्लास सात प्रकारांच्या क्लासपेक्षा महाग असला तरी तोच लावा. सर्टिफिकेटचा विचार करू नका, घरी खायच्या ब्रेडला त्याचा उपयोग नाही.

विकायचं मनात असेल तर उत्तर बदलतं. तेव्हा एका दिवसाच्या क्लासवर अवलंबून राहू नका. आयटीआयमध्ये बेकर अँड कन्फेक्शनर नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, वय आणि वेळ जमत असेल तर तो चांगला पाया आहे, नाहीतर एखाद्या चालू बेकरीत काही दिवस विनामोबदला का होईना उभं राहायला मिळालं तर बघा. रोज तोच ब्रेड तसाच निघणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते संख्येनेच येतं. घरून विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आधी करा.

आता सासऱ्यांचा ब्रेड. चक्कीच्या आट्यात प्रोटीन मैद्यापेक्षा कमी नसतं, तरी ब्रेड कमी फुगतो, कारण कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे कापतात, आणि दगडी जात्यावर दळताना स्टार्च बराच तुटतो त्यामुळे आटा पाणी जास्त पितो. म्हणून पहिल्याच दिवशी १०० टक्के गव्हाच्या मागे लागू नका. आधी मैद्याचा नीट येऊ द्या, मग अर्धा मैदा अर्धा आटा, मग वाढवत न्या. पाणी ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत जाईल, आटा आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा आणि मग यीस्ट, मीठ घालून मळा, त्या अर्ध्या तासात कोंडा भिजतो आणि मळण्याचे कष्ट निम्मे होतात. फुगणं मैद्याइतकं नसेल, ते स्वीकारायचं. बाजारात 'ब्राऊन' म्हणून मिळतो त्याच्या पाकिटावर पहिला घटक वाचा, बऱ्याचदा तो मैदाच असतो आणि रंग कॅरमलचा. घरचा गव्हाचा ब्रेड त्याहून कितीतरी बरा, फायबर जास्त, साखर तुमच्या हातात. पण गव्हाचा आहे म्हणून शुगर वाढत नाही असं समजू नका, कार्बोहायड्रेट त्यातही भरपूर असतात, त्यामुळे किती स्लाइस चालतील ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

विकतच्यासारखा चार-पाच दिवस लुसलुशीत का राहत नाही असं पुढे वाटेल तर आत्ताच सांगतो, त्यात इमल्सिफायर, एन्झाइम आणि बुरशी येऊ नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, यातलं काही आपण घालत नाही. पूर्वी पोटॅशियम ब्रोमेटही वापरायचे, त्यावर २०१६ मध्ये बंदी आली. घरचा ब्रेड दोन दिवस बाहेर ठेवा, उरला तर स्लाइस करून फ्रीजरला टाका आणि लागेल तसा तव्यावर गरम करा. नुसत्या फ्रीजमध्ये नको, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो.

पुढचा ब्रेड कराल तेव्हा कापलेल्या बाजूचा उजेडातला फोटो टाका, आणि सोबत पाणी किती ग्रॅम घातलं, टिनमध्ये किती वेळ ठेवला आणि ओटीजी किती लिटरचा आहे तेवढं लिहा, मग तुमच्या केसचं नेमकं बघू.